आबासाहेबांचा हात

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाही असं ठरलं आहे. आबासाहेबांनी भर सभेत बजावलं, "मोजलंस ते सांग, बघितलंस ते सांगू नकोस!" म्हणून मी सांगत नाहीये. नुसतं लिहिते आहे.

आमच्या शाळेच्या समितीचा अध्यक्ष निवडायचा होता. पालकांच्या सभेत, हात वर करून. एरवी हे काम फार सोपं असतं. आबासाहेब पुढे खुर्चीवर बसतात, त्यांचा हात वर गेला की मागचे सगळे हात वर जातात. संपली निवडणूक! पण या वेळी उभे होते तिघं. एक आबांचा पुतण्या धनाजी. दुसरे आबांचे मेहुणे बापू. आणि तिसऱ्या यमुनाताई. त्यांचं आबांशी काहीच नातं नाही, म्हणून त्यांना कुणी हिशेबातच धरलं नव्हतं.

सगळा घोळ होता शाळेमागच्या रिकाम्या खोलीचा. तिचं काय करायचं ते नवा अध्यक्ष ठरवणार होता, किल्ली मात्र आबांकडे होती. धनाजीला तिथे खताची पोती ठेवायची होती, बापूंना मंडळाचे ढोल. यमुनाताई म्हणत होत्या, तिथे आठवीचा वर्ग भरवू. आमची शाळा सातवीपर्यंतच आहे. पुढचं शिकायचं तर तालुक्याला जायचं, आणि मुलींना रोज तालुक्याला कोण पाठवतं? माझी आणि मंजुळाची सातवी संपत आली होती. मंजुळाची आई आबांच्या गोठ्यात काम करते. सातवीनंतर मंजुळानंही तिथेच जायचं, हे तिला न विचारताच ठरलं होतं.

सभेच्या आदल्या दिवशी मंजुळा दुधाची किटली घेऊन आबांच्या घरी गेली. मी नेहमीप्रमाणे तिच्या मागे. आबा ओसरीत येरझाऱ्या घालत होते आणि गुरुजी चहा पीत होते.

"धनाजीला हात दिला, तर आमची मंडळी माहेरी जाऊन बसतील! बापूला दिला, तर भाऊ शेताची वाट बंद करील! आणि हात वरच केला नाही, तर दोघंही म्हणतील, आबा भ्याला!"

"चिठ्ठ्या टाकू या का?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"चिठ्ठ्या? मी काय चोर आहे? या गावात हातच वर होतो आणि हातच वर होणार! माझा हात सगळ्यांसमोर वर जायला हवा, पण तो कुणाला दिसता कामा नये! आहे उपाय?"

गुरुजींनी पुन्हा कपात तोंड घातलं.

"आबा, मी करते," मंजुळा म्हणाली.

"तू? कशानं झाकशील माझा हात? गोणपाटानं?"

"ते उद्या सभेत. जमलं तर काय द्याल?"

"मागशील ते! पण नाही जमलं, तर मी धनाजीला हात देऊन मोकळा. मग खोलीत खत आणि गोठ्यात तू! कबूल?"

मी तिची वेणी मागून ओढली. तिनं डोकं झटकलं आणि म्हणाली, "कबूल!"

दुसऱ्या दिवशी वर्ग माणसांनी भरला. धनाजी एका बाजूला, बापू दुसऱ्या बाजूला, आणि दोघांचीही नजर आबांच्या मनगटावर.

"हं, झाक हात!" आबा मंजुळाला म्हणाले.

"हात कशाला झाकायचा, आबा? बघणारे झाकू या! गुरुजी वर्गाचा मॉनिटर निवडतात, तेव्हा काय सांगतात? सगळ्यांनी डोळे मिटा आणि मग हात वर करा! त्यामुळे मधल्या सुट्टीत मारामारी होत नाही."

सभा हसली. आबा मात्र हसले नाहीत. "मग मोजणार कोण? गुरुजी नकोत. त्यांच्या पोटात काही राहत नाही."

"आमची वैजू मोजेल. तिला हजेरीला 'हजर' म्हणायलाही लाज वाटते!"

सगळे माझ्याकडे वळले. माझे कान तापले. "ही ठीक आहे," आबा म्हणाले, आणि सगळ्यांनी डोळे मिटले. गुरुजीसुद्धा फळ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि एकेक नाव पुकारू लागले.

धनाजीला दोनच हात पडले. त्यातला एक त्याचा स्वतःचा. दुसरा कुणाचा, ते मी सांगत नाही! बापूंनाही जेमतेम तेवढेच. आणि यमुनाताईंचं नाव आलं, तेव्हा मला मोजायला बाकावर चढावं लागलं.

मी निकाल सांगितला. इतका हळू, की गुरुजींना तो ओरडून पुन्हा सांगावा लागला.

धनाजी आबांच्या कानाशी लागला, "काका, सगळं गाव उलटलं, पण तुम्ही हात दिलात! विसरणार नाही!" तो जातो न जातो तोच बापू आले. "दाजी, दुसरा हात कुणाचा ते मी ओळखलं बरं का!"

आबांनी दोघांच्याही पाठीवर थाप मारली. मग मंजुळाकडे डोळे वटारले. "कार्टे, तू माझा हात झाकणार होतीस! हे काय करून ठेवलंस?"

"तुमचाच झाकला, आबा! पण तुमचा एकट्याचा झाकायला सगळ्यांचे डोळे मिटावे लागले. त्यात बाकीच्यांचेही हात झाकले गेले, त्याला मी काय करू?"

आबा असे हसले, की खुर्ची करकरली! "माग, काय मागतेस?"

"त्या खोलीची किल्ली."

आबांनी कमरेच्या जुडग्यातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. मग मला तो दम भरला.

कारण मी काय बघितलं, ते त्यांना ठाऊक होतं. गुरुजी नावं पुकारत होते तेव्हा आबांची मान जराशी मागे वळलेली आणि एक डोळा किलकिला होता! दर वेळी गाव त्यांच्या हाताकडे बघतं, त्या दिवशी ते गावाकडे बघत होते. धनाजीच्या वेळी त्यांचा हात मांडीवर. बापूंच्या वेळीही मांडीवर. मग यमुनाताईंचं नाव आलं, मागे सगळे हात वर गेलेले त्यांनी बघितले आणि हळूच, सगळ्यांच्या शेवटी, त्यांनी आपला

"वैजू! चल लवकर, आठवीची घंटा झाली!"

आले गं मंजुळा, एवढं एकच वाक्य