वाफेची वाट

“आता तरी बोला की वस्ताद. माझं चुकलं कुठं?”



वस्ताद रस्त्याकडेच्या दगडावर बसून पन्हाळ्याकडं बघत होते. जीपच्या बॉनेटमधून वाफेचे लोट निघत होते. आणि सुकुमार चौगुले, ज्याच्या गॅरेजपुढं गाड्यांची रांग लागते तो सुकुमार, हातात फडकं धरून रडकुंडीला आला होता.

मी जीपच्या मागच्या बाकावर होतो. माझं नाव धोंडीराम. गाड्यांच्या सीटा शिवतो. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही, पण वाफ निघायला लागली की उतरावं एवढी अक्कल आहे. उतरलो.

वस्ताद म्हणजे दस्तगीर मुजावर. कोल्हापुरात जुन्या नाक्याच्या चढावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. सुकुमार तिथंच घडला. मीही तिथंच कोपऱ्यात मशीन टाकून बसायचो. आता गॅरेज बंद. गुडघे गेले म्हणून वस्ताद आजपासून पन्हाळ्याला, लेकीकडं राहणार होते. पन्हाळा म्हणजे काही लंडन नव्हे, तासाभराची वाट. पण सकाळी निघताना आम्ही दोघं असे गप्प होतो की बघणाऱ्याला वाटावं, माणूस समुद्रापार चाललाय.

जीप वस्तादांचीच. उभ्या आयुष्यात त्यांनी एवढीच एक गाडी घेतली. घाटात ट्रक बंद पडला की ती निघायची, पावसापाण्यात, सणासुदीला. मग तिचं इंजिन बसलं ते बसलंच. पुढं तिच्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

ती जीप सुकुमारनं नेली आणि गुपचूप नवी केली. अपघातात चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं दणकट इंजिन आणून तिच्यात बसवलं. बसणार नाही असं सगळे म्हणत होते. त्यानं बसवलं. मी बाकांना नवं कोरं रेक्झिन लावलं, तपकिरी, दुहेरी शिवणीचं. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, ते असो.

“ह्यातनंच नेणार वस्तादांना,” सुकुमार मला म्हणाला होता. “आणि बघ धोंडीदा, ह्यावेळी तरी शाबास म्हणतील.”

तेच तर होतं सगळं. इतकी वर्षं झाली, वस्ताद त्याला एकदाही शाबास म्हणाले नव्हते. आज म्हणाले नाहीत तर कधी म्हणणार होते?

सकाळी त्यानं बॉनेट उघडून दाखवलं. आत एक वायर लोंबत नव्हती, एक पाइप आडवा दिसत नव्हता. देवघरासारखं स्वच्छ. लोकांनी फोटो काढले.

वस्तादांनी आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

“छान दिसतंय,” म्हणाले आणि पुढं जाऊन बसले.

‘दिसतंय’... ‘आहे’ नाही म्हणाले. सुकुमारचं तोंड एवढंसं झालं.

वाघबीळ सोडून पन्हाळ्याचा चढ लागला. वस्ताद समोर बघत ताठ बसले होते. गाडीत त्यांचा डोळा कधी लागत नाही. एसटीतसुद्धा नाही. सगळी एसटी घोरत असते आणि हे कान लावून जागे. उतरताना ड्रायव्हरला सांगतात, एक इंजेक्टर मार खातंय, बघून घे. एकदा मी म्हणालो, “वस्ताद, जरा झोपा की.” तर म्हणाले, “दुसऱ्यानं जुळवलेल्या इंजिनावर लोकांना झोप येती कशी रं?”

चढाच्या मध्यावर त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला.

“थांबव.”

“का वस्ताद? गरमीचा काटा मध्येच आहे. बघा की.”

“थांबव म्हटलं.”

सुकुमारनं आणखी एक वळण घेतलं. काटा खरंच मध्ये होता. आणि मग इंजिनानं शीळ घातली.

आता तोच काटा बघत तो उभा होता.

“अजून मध्येच आहे. काटा खोटं कसं बोलेल?”

“काटा पाण्यात बुडालेला असला तर खरं बोलतो,” वस्ताद म्हणाले. “आता त्याच्याभोवती पाणी हाय कुठं? वाफ हाय.”

सुकुमार फडकं घेऊन रेडिएटरच्या टोपणाकडं निघाला.

“हात लावू नगंस. भाजशील. थंड हू दे.”

“किती वेळ?”

वस्ताद हसले. का हसले ते मला कळलं, सुकुमारलाही कळलं असणार, कारण त्यानं मान खाली घातली.

तर सांगतो. आमचं गॅरेज चढावर होतं म्हणून लोक थट्टा करायचे. पाना ठेवला की घरंगळत नाल्यात. पण वस्तादांनी जागा हुडकून घेतली होती. रेडिएटरमध्ये पाणी भरलं की गाडी चढाकडं तोंड करून उभी करायची, नाक वर. टोपण उघडं ठेवायचं, इंजिन स्लोवर ठेवायचं आणि पोरानं शेजारी उभं राहून पाण्यात बघत बसायचं. आत कोंडलेली हवा बुडबुडे होऊन वर यायची. एक यायचा... मग काहीच नाही... मग एकदम चार.

ते काम सुकुमारचं. हाफ पँटीतला सुकुमार, शिरोळकडच्या खेड्यातून आलेला, बापानं आणून सोडलेला.

“वस्ताद, संपले बुडबुडे.”

“अजून हाय. थांब.”

“किती वेळ?”

“त्याचं बोलून होईस्तवर.”

तोवर वस्ताद चहा मागवायचे. स्टोव्हचा वास, पत्र्यावर चिमण्या, मी मशीन थांबवून बशी घेऊन बाहेर यायचो. कुणी घाई करायचं नाही. गिऱ्हाईकसुद्धा बसून राहायचं. काय दिवस होते हो! तेव्हा वाटायचं हे असंच चालणार आहे.

सुकुमारच्या नव्या गॅरेजात चकचकीत फरशी आहे, पाणी भरायला मशीन आहे. वाईट नाही. पण चहाला कुणी थांबत नाही.

“इंजिनाच्या हेडावरच्या बारक्या नळ्या,” वस्तादांनी विचारलं, “कुठं नेल्यास?”

“एकात मिळवून रेडिएटरच्या डोक्यावर जोडल्यात. पितळेला नवं तोंड झाळून घेतलं. बंद नाही केल्या वस्ताद. त्यांतनं वाफ बाहेर येते, मला ठाऊक आहे.”

“कुठनं नेल्यास?”



“खालनं. हेडावरनं उतरवून चासीच्या कडेनं, मग पुढं वर. दिसू नयेत म्हणून.”

“कुणाला?”



वस्तादांनी खिशातून बिडी काढली, पेटवली, एक झुरका घेतला आणि पेटती बिडी सुकुमारपुढं धरली.

“धर.”

सुकुमार जैनाचं पोरगं. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार कपाळ! त्यानं दोन बोटांत झुरळ धरावं तशी ती बिडी धरली.

“आता धूर खाली सोड.”

“ओढू?”

“ओढू नगं. नुसता खाली ने धूर.”

सुकुमारनं बिडी उलटी केली. धूर त्याच्या मनगटाला वळसा घालून वर गेला. त्यानं हात खाली नेला, गुडघ्यापाशी नेला. धूर वरच. त्यानं दुसऱ्या हातानं वरून झाकलं, तर बोटांच्या फटींतून वर.

त्यानं धुराकडं बघितलं, मग चासीकडं उतरलेल्या नळीकडं...

मग बिडी वस्तादांना परत दिली आणि हत्यारांची पेटी उघडली.

इंजिन निवल्यावर तो कामाला लागला. चासीवर नळी धरणाऱ्या पट्ट्या त्याच्याच हातच्या, सारख्या अंतरावर, एका रेषेत. एकेक कापताना त्याला होणारा त्रास मला दिसत होता. मीही कारागीर आहे. आपली सरळ शिवण आपल्याच हातानं उसवायची म्हणजे काय ते मला विचारा.

खालून गेलेली नळी त्यानं ओढून काढली, आखूड केली आणि हेडावरून सरळ वर, पंख्याच्या वरून, रेडिएटरच्या डोक्याला नेली. मध्ये टेकायला काही नव्हतं. नळी लोंबायला लागली.

वस्तादांनी खांद्यावरचा रुमाल काढून दिला.

सुकुमारनं त्या तांबड्या चौकड्याच्या रुमालानं नळी वर बांधली, बॉनेटच्या आतल्या दांडीला. देवघर गेलं. आता ते एखाद्या बाजारच्या टेंपोचं बॉनेट वाटत होतं.

“कसं दिसतंय!” तो कळवळून म्हणाला.

“दिसू दे की.”

मी जवळच्या वस्तीवरून डबाभर पाणी आणलं. जीप चढावरच होती, नाक वर. टोपण उघडलं, सावकाश पाणी ओतलं. सुकुमारनं इंजिन सुरू केलं, स्लोवर ठेवलं आणि येऊन रेडिएटरपाशी उभा राहिला.

एक बुडबुडा आला... मग काहीच नाही... मग एकदम चार.

वारा होता. सुकुमारची तीच उभी राहायची ढब, तीच मान वाकडी. केस तेवढे पांढरे व्हायला लागलेले. म्हटलं, आता चहा असता तर...

“तुम्ही मला कधी शाबास म्हणाला नाही,” सुकुमार म्हणाला.

पाण्यात बघतच म्हणाला.



“सगळ्यांना म्हणालात. त्या पंक्चरवाल्याला म्हणालात. माझ्या माघारी लोकांना सांगायचात, ह्याला येतंय. मला सांगितलं नाही कधी. गॅरेज काढलं, नारळ फोडायला बोलावलं. तुम्ही आलात, फरशी बघितली, म्हणालात, ‘सपाट हाय.’ बास. एवढंच. मी त्या दिवशी जेवलो नाही वस्ताद.”

बुडबुडे येत होते.

“सगळं कोल्हापूर म्हणतं, सुकुमार म्हणजे सुकुमार. मला काय करायचंय कोल्हापूर? ही गाडी मी कोल्हापूरसाठी केली?” त्याचा आवाज चिरकला. “आणि आज चाललात. आज तरी... आज तरी माझी गाडी अशी रस्त्यात फुटावी?”

मी मध्ये काही बोलणार होतो. वस्तादांनी डोळ्यांनीच मला थोपवलं.

सुकुमारनं बाहीनं तोंड पुसलं.

“झालं. बास. चुकलं माझं. तुम्हाला असं बोलायला नको होतं.”

“अजून हाय,” वस्ताद म्हणाले. “थांब.”

“नाही. संपलं.”

“थांब.”

तो थांबला. रेडिएटरच्या दोन्ही कडा हातांनी घट्ट धरल्या होत्या त्यानं. पाणी स्थिर झालं होतं. मग अगदी खालून, उशिरा, एक मोठा बुडबुडा आला आणि फुटला.

“तुम्ही पन्हाळ्याला गेल्यावर,” सुकुमार म्हणाला, “मी अडलो तर विचारू कुणाला?”

हे मात्र मला ठाऊक नव्हतं. एवढा ऐटीत राहणारा माणूस. आणि रडला मग, भर रस्त्यात, हमसून हमसून, हाफ पँटीतल्या पोरासारखा. एक दुचाकीवाला हळू झाला, बघून गेला.

वस्ताद दगडावरून उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, दमानं. मी आधाराला गेलो तर मला झिडकारलं. जीपजवळ आले, रेडिएटरमध्ये डोकावले. पाणी काठोकाठ, आरशासारखं. त्यात दोघांची तोंडं दिसत असणार.

त्यांनी सुकुमारच्या पाठीवर हात ठेवला नाही. मला वाटलं होतं, ठेवतील. शाबास म्हणतील, मग आम्ही निघू. तसलं काही झालं नाही.

ते जीपला वळसा घालून मागं आले. पुढची सीट सोडून मागं.

“सरक रं धोंडी.”

मी मागच्या दाराशी होतो, सरकलो. ते चढून एका बाकावर, माझ्या नव्या रेक्झिनवर, आडवे झाले. पाय पोटाशी घेतले. डोक्याखाली कपड्यांचं बोचकं ओढलं आणि टोपी डोळ्यांवर घेतली.

सुकुमार पुढून बघत होता. टोपण त्याच्या हातात तसंच.

“वस्ताद...?”

“टोपण लाव,” टोपीखालून आवाज आला. “आणि पन्हाळा आला की उठव मला.”