सांडवा कोणी बुजवला?

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक बखरकार राहत होता. दरवर्षी जत्रेत गावाची जुनी हकिकत लोकांना सांगायची, हे त्याचं काम.

गावाचं तळं पणजोबांच्या काळात फुटलं होतं, मग बांध नव्याने घातला गेला. शत्रूने बांध फोडला, असं जो तो सांगे. बखरकाराने मात्र बांधाचे जुने अवशेष तपासले, आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. शत्रूचा कुठे मागमूस नव्हता. जादा पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेला सांडवा गावकऱ्यांनीच दगडमातीने बुजवला होता.

जत्रेत त्याने तसं सांगताच पाटील उसळला, "म्हणजे आमचे पणजोबा मूर्ख होते?"

"मूर्ख कसे? आधी दुष्काळ पडला होता. पाणी वाया जाऊ नये म्हणून केलं बिचाऱ्यांनी."

"ते काही नाही! पणजोबा हरले म्हणा, चालेल. चुकले म्हणायचं नाही."

बखरकार दरवर्षी जीव तोडून सांगे आणि लोक मध्येच उठून पाळण्यांकडे जात. शेवटी तो इतका वैतागला, की एका जत्रेत म्हणाला, "बरं बाबांनो, शत्रूनेच फोडला. झालं समाधान?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल-नारळ मिळाला. घरी येऊन त्याने तो नारळ कोपऱ्यात भिरकावला.

पुढे पाऊस कमी झाला, तसा पाणी जास्त साठावं म्हणून गावाने सांडवा पुन्हा बुजवायला घेतला. बखरकार धावत जाऊन आडवा उभा राहिला. "अहो, यानेच तळं फुटलं होतं!"

"तुम्हीच तर सांगितलंत, शत्रूने फोडलं म्हणून!" पाटील हसला आणि त्याने बांधावर भालेकरी उभे केले.

पुढच्या पावसाळ्यात आभाळ फाटलं. पाणी चढत गेलं, भालेकरी शत्रूची वाट बघत राहिले आणि बांध फुटला. माणसं टेकडीवर पळाली म्हणून वाचली. घरं, गुरं, धान्य, सारं वाहून गेलं.

चिखल उपसताना पाटील हळूच म्हणाला, "यंदा जत्रेत असं सांगा, पहारेकऱ्यांचा डोळा लागला आणि शत्रूने डाव साधला."

बखरकाराने कपाळावर हात मारला. मग पाटलाचा दंड धरून त्याला सांडव्यापाशी नेलं. "पाटील, हे दगड इथे कोणी रचले?"

पाटलाने खाली वाकून एक दगड उपसला. मग म्हणाला, "आम्हीच."

"मग जत्रेत हेच सांगणार. आणि तुम्ही पुढे बसून ऐकायचं."

तात्पर्य एवढंच: पूर्वजांची चूक झाकल्याने त्यांचा मान राहत नाही, ती चूकच तेवढी वारशाने आपल्याकडे येते.