कणिकेचे दुखणे

पूर्वी चंपा नगरीत उग्रतेज राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्मला होता. त्याचे नाव भद्रक. माणसांची आणि जनावरांचीही दुखणी त्याला कळत, म्हणून राजाने त्याला राजवैद्य नेमून राहायला घर दिले होते.

एकदा राजाला नवी हत्तीशाळा बांधायची हुक्की आली. त्यासाठी नदीकाठची बुरुडांची वस्ती उठवली गेली. माणसे नगरात पांगली. कोणी देवळाच्या ओवरीत, कोणी घाटावर. पहारेकरी त्यांना कुठेच टिकू देत नसत.

एके सकाळी सोणा नावाची बुरुडीण आपल्या मुलीला, कणिकेला, कडेवर घेऊन भद्रकाच्या दारी आली. मुलीची छाती घरघरत होती आणि अंगभर खरूज उठली होती. भद्रकाने अडुळशाचा काढा दिला, लेप दिला. मुलीला उतार पडला आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा तशीच आली. मग पुन्हा. वैद्याला चैन पडेना. औषध चुकत होते की निदान?

तो घाटावर गेला. ओल्या दगडांवर मुले बसली होती, पण खेळत एकही नव्हते. थोराड मुलगे धाकट्यांना उगाच मारत होते. कणिका बसल्या बसल्या पेंगत होती. पाऊल वाजले की दचकून आईचा पदर धरी, पुढे येईल ते मुकाट्याने गिळी. सोणाने सांगितले, की वस्तीत असताना हिची बडबड थांबत नसे. आता हाकेला ओही देत नाही.

"वैद्यराज, हिला झालंय तरी काय?"

भद्रकाला उत्तर कळले होते, पण ते सांगण्याचा धीर होईना. त्याने दोघींना आपल्या ओसरीवर आणून ठेवले. घाटावरची बाकी मुले मात्र डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्याला घास गोड लागेना.

अशात राजाचे बोलावणे आले. रानातून धरून आणलेला तरणा हत्ती नव्या हत्तीशाळेत चाऱ्याला तोंड लावत नव्हता. उभ्या उभ्या झुलत राही आणि कोणी जवळ आले की थरथरे.

भद्रकाने त्याला तपासले. "महाराज, याला हक्काची जागा उरली नाही, हेच याचे दुखणे. याला रानात सोडा."

"दुसरे औषध नाही?"

"असते, तर मी कणिकेला दिले असते."

कोण कणिका, असे राजाने विचारले. आपण उभे आहोत तिथेच तिच्या आईची चूल होती, असे सांगून भद्रकाने घाटावरच्या मुलांचे हाल वर्णन केले. राजाचा चेहरा कठोर झाला. वैद्याने काढे करावेत, नगर कसे वसवायचे ते शिकवू नये, असे त्याने सुनावले.

"मग मला मोकळे करा," भद्रक म्हणाला. "एका हाताने दुखणे द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढा, ही वैद्यकी मला जमणार नाही."

पद गेले तसे घरही गेले. ओसरीवरचे सामान बांधताना कणिका एक शब्द बोलली नाही, रडलीही नाही. भद्रकाच्या काळजाला तेच लागले. आपण खरे बोललो आणि किंमत हिने दिली, हा सल त्याला सोडीना. तोही घाटावर राहू लागला. मुलांची छाती शेकू लागला.

इकडे हत्तीने गुडघे टेकले. निरुपायाने राजाने त्याला सोडून दिले. रानाच्या कडेला पोचताच त्याने फांदी मोडून खाल्ली, हे माहुताने येऊन सांगितले. दुसऱ्या दिवशी राजा पायी घाटावर आला. त्याच्या पावलांसरशी कणिका आईच्या पाठीमागे दडली आणि कापू लागली. असे कापणे राजाने हत्तीशाळेत पाहिले होते. तो वैद्यापुढे मान खाली घालून उभा राहिला.

हत्तीशाळा मोडली. तिच्याच लाकडांनी वस्ती पुन्हा उभी राहिली, पण मुले लगेच बरी झाली नाहीत. कणिकेची छाती हिवाळाभर वाजत होती. काहींचे दचकणे मोठेपणीही गेले नाही.

पुढे एका दुपारी भद्रक त्यांच्या दारावरून जात असता आतून मुलीचा आवाज आला. "मला नको दुधी. मी नाही खाणार."

सोणा डोळे पुसत बाहेर आली. "हट्ट करतेय, वैद्यराज," ती म्हणाली.

ही कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तो राजा आज तुमच्यातच चीवर नेसून बसला आहे. सोणा ही भिक्खुणी कुमुदा, कणिका तिची शिष्या, आणि वैद्य भद्रक मीच होतो. दुखणे जिथून निघते तिथवर चालत जाणे, याला करुणा म्हणतात."