इस्तेरचा पान्हा

प्रवरेकाठी बोरखळी नावाचं गाव. याकोबबुवा तिथे यायचे ते गळ्यात वीणा आणि मुखी येशूनाम घेऊन. बुवा कीर्तनाला उभे राहिले की चर्चच्या अंगणात तीळ ठेवायला जागा उरत नसे.

त्याच गावात इस्तेर राहायची. मागल्या पावसाळ्यात तिचं पहिलंवहिलं तान्हं तापानं गेलं. मातीच्या वेळी ती हंबरडा फोडणार, तोच मंडळीच्या पंचांची बायको तुळसाकाकू कानाशी लागली. म्हणाली, आपण विश्वासणारी माणसं. लेकरू प्रभूकडे गेलं, रडशील तर तुझा विश्वास लटका ठरेल. इस्तेरनं हुंदका गिळला. तेव्हापासून डोळ्यांत थेंब नाही, ओठांवर गाणं नाही. छातीवर नुसता धोंडा. आणि पुढे तीच काकू पाणवठ्यावर सांगत सुटली, "पोर पुरलं तरी डोळा कोरडा! बाई आहे का जातं?" इस्तेर दिसली की बाया आपली लेकरं पदराखाली झाकायच्या. ती बिचारी दर रविवारी चर्चच्या अंगणातल्या मागच्या भिंतीला टेकून एवढंच म्हणायची, प्रभू, मी कोरडी असेन, पण तुझीच आहे.

पुनरुत्थानाच्या सणाला बुवा आले. तुळसाकाकूची सून नुकतीच बाळंत झालेली. तापानं फणफणत होती, अंगावर दूध नाही. शेळीचं दूध नातवाच्या पोटात ठरेना. सकाळचं कीर्तन रंगात आलं होतं, तेवढ्यात काकू दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू घेऊन बुवांपुढे आली. त्याच्यात आता रडण्याचंही त्राण नव्हतं. हात ठेवा याच्यावर, म्हणाली.

बुवांनी डोळे मिटले. प्रार्थना करून म्हणाले, "इस्तेरच्या मांडीवर द्या."

"तिच्या?" काकूचा स्वर चढला. "बुवा, तिची सावलीसुद्धा पडू देत नाही कुणी!"

बुवांनी हात पुढे केले. लेकरू स्वतः उचललं, मागच्या भिंतीशी गेले आणि इस्तेरच्या ओटीत ठेवलं. मग तिथंच उभं राहून त्यांनी हलक्या सुरात आख्यान लावलं. मित्राच्या कबरेपाशी प्रभू कसे आले, हाक मारताच तो उठणार हे ठाऊक असूनही चारचौघांत कसे रडले! मग बुवा वाकून म्हणाले, "पोरी, प्रभू रडले. मग तुला गं कुणी अडवलं?"

इस्तेरनं काकूकडे पाहिलंही नाही. आपल्या गेलेल्या बाळाचं नाव घेऊन तिनं असा टाहो फोडला की अंगणातल्या बायांनी तोंडाला पदर लावले. रडता रडता तिला आपली चोळी भिजल्याचं कळलं. काय वर्णावी त्या दयाळाची करणी! आठ महिने आटलेला पान्हा फुटला होता. तिनं लेकराला पदराखाली घेतलं. ते आधी चाचपडलं, मग चुटूचुटू पिऊ लागलं. इस्तेरच्या डोळ्यांना धारा, आणि त्या धारांतून ती हसत होती.

तुळसाकाकू बुवांच्या पायांकडे वळली. बुवा बाजूला झाले. मग पंचांची ती मानी बायको मातीत गुडघे टेकून इस्तेरपुढे वाकली. "चुकले गं, माये," म्हणत ती मोठ्यानं रडू लागली.

इस्तेरनं मोकळा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि कुजबुजली, "हळू, काकू. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."