डोमाजीचा अंगठा

"विमानात कधी बसलात का हो, बाबा?"

"नाई."

"एकदाही नाही?"

"नाई..."

"मग मला या पट्टीवर उतरता येतं की नाही, हे तुम्ही कसं ठरवणार?"

डोमाजी उसेंडी धावपट्टीवरचे खडे वेचत होता. त्याने एक खडा उचलून टोपलीत टाकला. मग दुसरा. कॅप्टन अश्लेषा गुर्जर उत्तराची वाट पाहत उन्हात उभी राहिली. कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा तिने बाकी ठेवला होता.

"विमान घेऊन या, बाई," तो शेवटी म्हणाला. "मंग पाहू."

मोहाडझरीची ही पट्टी म्हणजे सागाच्या जंगलात फार पूर्वी कुणा शिकारी साहेबाने पाडलेला मुरमाचा लांबट तुकडा. जमीन वनखात्याची. एका टोकाला डोंगर असा उभा, की उतरायचं ते डोंगराकडे तोंड करून आणि उडायचं ते डोंगराकडे पाठ करून. दुसरी सोय नाही.

पावसाळ्यात नदी फुगली की पलीकडच्या बावीस गावांचा रस्ता चार महिने बंद. गेल्या साली दोन बाळंतिणी नदीच्या काठावरच गेल्या. म्हणून एका संस्थेने डॉक्टरांना घेऊन येणारं छोटं विमान तयार ठेवलं होतं, आणि ते अश्लेषा चालवणार होती. सगळे कागद झाले होते. राहिला होता एक अंगठा.

परवान्याच्या शेवटच्या रकान्यात छापलं होतं, 'पट्टीच्या राखणदाराची संमती'. ही अट घालणारा अधिकारी केव्हाच निवृत्त झाला, अट मात्र जागेवर राहिली. आणि राखणदार कोण, तर ज्याला विमानाचं शेपूट कोणतं नि तोंड कोणतं एवढंच ठाऊक, असा हा म्हातारा! रविवार संध्याकाळपर्यंत त्याचा अंगठा उमटला नाही, तर विमान यंदा दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होतं.

त्या दिवशी गुरुवार होता.

शुक्रवारी सकाळी ती विमान घेऊन आली. पट्टीवर गुरं चरत होती. तिने खालून एक झपाटा मारला. गुरं शेपट्या उंच करून जंगलात पांगली. मग वळसा घेऊन ती अशी हलकेच उतरली, की मांडीवर ठेवलेला पाण्याचा पेलाही हिंदकळला नसता. तिची तीच खूश झाली.

डोमाजी विमानाकडे आलाच नाही. तो गुरांच्या मागे गेला होता.

दोन तासांनी परतला. धोतर काट्यांनी फाटलेलं.

"उतरले की नाही मी?" तिने विचारलं.

"उतरल्या."

"मग?"

"उद्या या, बाई."

शनिवारी गुरं नव्हती. पण पट्टीच्या डोंगराकडच्या अर्ध्या भागावर पिवळसर गालिचा पसरला होता. मोहफुलं! पहाटे जंगलात वेचलेली फुलं गावच्या बायकांनी उन्हात वाळत घातली होती. एवढी सपाट, कडक, स्वच्छ जमीन सगळ्या रानात दुसरी नव्हती. वर्षभराची बेगमी ती.

उरलेल्या अर्ध्या पट्टीत विमान थांबवणं सोपं काम नव्हे. अश्लेषाने ते थांबवलं. फुलांपासून वीस पावलांवर. असं उतरणं पाहायला आपले जुने शिक्षक इथे हवे होते, असं तिला वाटून गेलं.

मग परतीसाठी तिने विमान जागच्या जागी वळवलं आणि इंजिनाला जोर दिला.

पंख्याचा वारा मागे गेला. फुलं उडाली. बाभळीत गेली, नाल्यात गेली, गवतात गेली.

तिने इंजिन बंद केलं.

कुणी शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. तानीबाई नावाची एक वाकलेली म्हातारी बाभळीखाली बसली आणि काट्यांतून एकेक फूल काढू लागली. बाकीच्या बायकाही बसल्या. डोमाजीही बसला.

वनरक्षक उईके कागद आणि शाईची डबी घेऊन हजर होता. त्याने कागद डोमाजीपुढे धरला.

डोमाजीने ओंजळ वर केली. फुलांनी भरलेली.

"हात रिकामे नाईत," तो म्हणाला.

अश्लेषा संतापली. "बाबा, बावीस गावांचा प्रश्न आहे! माणसं मरतात इथे, आणि तुम्ही फुलांचं घेऊन बसलात?"

डोमाजी फुलं वेचत राहिला. तानीबाई मात्र उठली, विमानाजवळ आली आणि भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी तिच्यापुढे धरलं.

"उन्हाची आलीस, माय. पानी पे."

अश्लेषाने पाणी घेतलं. म्हातारीच्या बोटांवर काट्यांनी रक्ताचे ठिपके आले होते.

त्या दुपारी ती उशिरा उडाली. आधी विमान हाताने ढकलत, उडायला लागेल तेवढीच पट्टी पुढे ठेवून, फुलांपासून दूर नेलं, उईके आणि ती, दोघांनी मिळून. घामाघूम झाली. तरी शेवटी इंजिनाला जोर दिलाच, आणि मागे वळून पाहायचं तिने टाळलं.

रविवार. शेवटचा दिवस.

आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. वारा नाही. वरून तिला सगळं दिसत होतं. पट्टीच्या कडेला कागद घेऊन उभा असलेला उईके. त्याच्या शेजारी डोमाजी. आणि फुलं! कालच्याहून जास्त. उडालेली सगळी परत वेचून आणलेली, आज खालच्या टोकापर्यंत पसरलेली. मध्ये तेवढा एक मोकळा तुकडा होता.

तो तुकडा तिला पुरला असता. हे तिला ठाऊक होतं, आणि तेच वाईट होतं. कुणीही दुसरा वैमानिक इथून परत फिरला असता आणि त्याला कुणी नावं ठेवली नसती. तिला मात्र उतरता येत होतं.

तिने डोंगराकडे नाक केलं. वेग कमी केला. चाकांखाली साग सरकू लागले...

फुलांच्या कडेला बसलेली तानीबाई मान वर करून पाहत होती. ती पळाली नाही. तिने फक्त आपला पदर सोडला आणि जवळच्या फुलांवर पसरून दोन्ही हातांनी दाबून धरला.

अश्लेषाने इंजिनाला जोर दिला, अजून बरीच उंच असताना. डावीकडे वळली. फुलांवर वारा जाणार नाही इतक्या उंचीवरून एक फेरी मारली, पंख दोनदा हलवले आणि निघून गेली.

वाटेत ती रडली. बावीस गावं आपण एका म्हातारीच्या पदरासाठी घालवली, असं तिला वाटत होतं. आणि तरी पुन्हा तशी वेळ आली तर आपण पुन्हा असंच करू, हेही तिला कळत होतं. या दोन गोष्टींचा मेळ काही केल्या बसेना.

सोमवारी पहाटेच्या एसटीने ती निघाली. पाच तास बस, पुढे दीड तास पायी. तिच्याजवळ कागद नव्हता. मागायचं काही उरलं नव्हतं. घरातल्या दोन जुन्या चादरी तेवढ्या पिशवीत घेतल्या होत्या, तानीबाईला द्यायला.

डोमाजी फुलं परतत होता, या कुशीवरून त्या कुशीवर. तिने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि त्याच्या शेजारी बसली. त्याचं पाहून तीही परतू लागली. फुलं चिकट होती, गोड वास येत होता.

एक ओळ परतून झाली.

"चुकलं माझं, बाबा," ती म्हणाली. "शनिवारी."

"हूं."

"विमान आता जाईल दुसरीकडे. गावांना काय सांगू?"

डोमाजीने तिच्यापुढचं एक फूल उलटं केलं. तिने ते नीट परतलं नव्हतं.

तेव्हा तिला त्याचा अंगठा दिसला.

निळा. शाईने पार नखापर्यंत निळा.

"हे... हे कधी?"

"काल."

"कागदावर? उईकेंनी नेला कागद?"

"तुमी गेल्या, अन् तो सायकलवर बसला. दिवस बुडायच्या आत हापिसात पोचला असंल."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. खुळ्यासारखी ती त्या अंगठ्याकडे पाहत राहिली.

"पण बाबा, काल तर मी उतरलेच नाही!"

"नाई उतरल्या," डोमाजी म्हणाला.

आणि फुलं परतू लागला.

पलीकडे तानीबाईने चादरी उलगडल्या होत्या. एक चादर झटकून तिने फुलांशेजारी अंथरली, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि ती लांबून पाहत राहिली. सगळी पट्टी झाकायला अशा किती चादरी लागतील, असा काहीसा विचार तिच्या तोंडावर दिसत होता.

अश्लेषाच्या मनातून एक गोष्ट जाईना. तिने हातातलं फूल खाली ठेवलं.

"बाबा, एखाद्या दिवशी विमानात डॉक्टर असेल. गावात कुणी अडलेली असेल. तेव्हा पट्टीवर अशी फुलं असली... तर मी काय करायचं?"

डोमाजीने वर पाहिलं. पहिल्यांदाच तो हसला.

"वरून एक फेरा मार, पोरी. आमी धावतच येतो."