गळा मोकळा करणारा धुळा

फार वर्षांपूर्वी, माळावर लांडगे दिवसाढवळ्या हिंडत तेव्हाची ही गोष्ट. खडकवाडीत म्हाकू आणि धुळा हे दोघे धनगर भाऊ मेंढरं राखत. म्हाकू थोरला, शांत. धुळा धाकटा आणि भडक डोक्याचा. आधी काठी उचलायचा, मग विचारायचा कुणाला हाणायचं.

एका उन्हाळ्यात म्हाकूची दाढ ठणकली. दुसऱ्या दिवशी गाल सुजला. तिसऱ्या दिवशी सूज हनुवटीखाली उतरली आणि लाकडासारखी टणक झाली. गावात औषधपाणी करायची पारूआजी, आणि तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

"गळू पिकल्याबिगर लोखंड लावायचं नाय," ती म्हणाली आणि गरम कोंड्याचं पोटीस बांधत राहिली.

पण ते गळू बाहेर पिकलंच नाही. ते आत सरकलं. म्हाकूला लाळ गिळवेना, आणि पाचव्या दिवशी त्याचा श्वासच कोंडला.

मेंढरांच्या जबड्याखालची असली गळवं धुळाने कितीतरी फोडली होती. सुरी कमरेलाच होती. पण आजीपुढे तो गप्प बसला. जन्मात एकदाच गप्प बसला आणि भाऊ गेला. असं म्हणतात, की तेरा दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही, आणि त्याच्या मेंढरांनी चाऱ्याला.

चौदाव्या दिवशी विहिरीवर बाया बोलताना त्याने ऐकलं, की पारूआजीची सून केरा हिचाही गळा सुजलाय. कळप तसाच टाकून धुळा पळत सुटला. असं म्हणतात, की वीस हात रुंदीचा ओढा त्याने एका उडीत ओलांडला.

केरा ओसरीवर पुढे वाकून बसली होती. आडवं होता येत नव्हतं. लाळ गळत होती, श्वास घुरघुरत होता. आजी तिच्यापुढे उभी राहिली.

"सुरी ठेव, धुळ्या. अजून पिकलं नाय."

"म्हाकूदादाचं कधी पिकलं, आजे? सांग की. कधी पिकलं?"

अंगणातून कुणीतरी ओरडलं, "ती काय मेंढरू हाय व्हय रं?"

"मेंढरू असती तर परवाच मला बोलावलं असतंसा!" धुळा गरजला.

आजी खाली बसली. सुनेच्या मागे सरकून तिने तिचं डोकं आपल्या छातीशी घट्ट धरलं. "कर," ती म्हणाली. "पण हात थरथरू देऊ नगंस."

धुळाने सुरी विस्तवात लाल केली, मग निवू दिली. मेंढक्यांची रीत अशी, की सुजेच्या माथ्यावर कापायचं नाही, बुडाशी कापायचं, म्हणजे घाण आपोआप खाली वाहते. त्याने तसंच केलं. पू उसळून आला. असं म्हणतात, की तो पायलीभर निघाला आणि जिथे सांडला तिथे तीन पावसाळे गवत उगवलं नाही. भोक लवकर मिटू नये म्हणून धुळाने कडुनिंबाच्या पाण्यात उकळलेली लोकरीची वात जखमेत ठेवली.

केराचा श्वास एकदा अडखळला, आणि मग लांब, मोकळा चालू लागला. दिवेलागणीला तिने घोटभर पाणी गिळलं. डोळे किलकिले करून म्हणाली, "आत्याबाई, ह्याला आधी न्हायला सांगा. मेंढराचा वास मारतोय."

सारं अंगण हसलं. धुळाही हसला, आणि हसता हसता भिंतीला टेकून म्हाकूसाठी पहिल्यांदा रडला.

आजी त्याच्याजवळ आली. "माझं चुकलं रं, लेकरा," एवढंच म्हणाली. पुढे सुजलेल्या माणसाला तीच हाताला धरून माळावर आणायची. असं म्हणतात, की कोसभरावरून नुसती चाल पाहून धुळा ओळखायचा, की ह्याचा गळा आवळत चाललाय, आणि सुरी विस्तवात घालायचा.

आता तालुक्याला मोठा दवाखाना आहे. सुरी कुणी हातात घेत नाही. पण वैशाखात खडकवाडीत धुळाची पंचमी पाळतात. त्या दिवशी घरातलं सगळ्यात धाकटं माणूस थोरल्यांना ओळीने बसवतं, "हनुवटी वर!" म्हणतं, जबड्याखाली अंगठा फिरवतं आणि दाढा बघतं. आजोबांनाही सुटका नाही. गाठ लागलीच, तर सणाचं वाढलेलं ताटही तसंच राहतं. धाकटा म्हणतो, "चला दवाखान्यात," आणि थोरला मुकाट्याने उठतो.