आंब्याखालचे गुलाब

फार जुन्या काळी एका डोंगराळ राज्यात एक हौशी राणी होती. तिच्या बागेत मधोमध एक डेरेदार आंबा होता. त्याच्याखाली वाळका पाचोळा तेवढा पडलेला असे. राणीला ते खुपे.

तिने येसाजी माळ्याला बोलावले. "वसंतोत्सवाला पाहुणे येतील. या आंब्याखाली मला गुलाबाचा ताटवा हवा."

"जी राणीसाहेब," येसाजी म्हणाला.

त्याने पाचोळा झाडून टाकला. जमीन खोल खणली, आड आलेली मुळे तोडली. नवी माती आणून खोडाला हातभर चढवली आणि त्यात गुलाब लावले.

सावलीत गुलाब उंच, लुकडे वाढले. कळी एकही धरली नाही. आंब्याचीही पाने गळू लागली.

राणी चिडली. "याच्या सावलीने माझे गुलाब खाल्ले. उद्या झाड तोडा."

येसाजीने कुऱ्हाडीला धार लावली, पण ती झाडावर चालवायला त्याचे मन होईना. तो आपल्या म्हाताऱ्या आत्याला, भागूबाईला, बागेत घेऊन आला. तिचा जन्म झाडांत गेला होता. तिने खोडाजवळची माती बोटांनी उकरली. आतली साल कुजू लागली होती.

"गळ्यापर्यंत पुरलंस की रे याला," ती म्हणाली. "आणि मुळं कुणी तोडली?"

"मीच."

"मग ते राणीसाहेबांना सांग."

येसाजी भीतभीत गेला. "चूक झाडाची नाही, माझी आहे. एक वर्ष द्या. नाहीच जमलं, तर मला बागेतून काढा."

"दिलं," राणी म्हणाली.

आत्या-भाच्याने चढवलेली माती काढली. गुलाब उन्हाच्या वाफ्यात नेले. खोडाभोवती हातभर जागा मोकळी सोडली आणि पुढे, मुळे चुकवून, सावली मानवणारी झाडे लावली : हळद, अळू, भुईचाफा. वर पाचोळा पसरला.

पुढच्या वसंतात पाचोळ्यातून भुईचाफ्याची जांभळी-पांढरी फुले वर आली. आंब्याला तांबूस पालवी फुटली. पाहुणे उठायचे नाव घेईनात.

राणीने विचारले, "आजी, ही जमीन तुमचं कसं ऐकते?"

भागूबाई हसली. "मी तिचं ऐकते, बाईसाहेब."

त्या दिवसापासून बागेत नवे रोप लावण्याआधी राणी स्वतः तिथे घटकाभर बसून ऊन-सावली पाहू लागली.

तात्पर्य : जागेचा स्वभाव ओळखून लावलेलेच फुलते.